दवाखान्यातून सचिवालयात (भाग ४): परळचे डीन, गुजरातचे मुख्यमंत्री

१९१४ सालाचा उत्तरार्ध. महायुद्ध नुकतंच पेटलं होतं आणि दक्षिण आफ्रिकेहून लंडनला आलेले मोहनदास गांधी फुप्फुसाच्या आवरणाला सूज येऊन अंथरुणाला खिळले होते. आहार म्हणाल तर शेंगदाणे, पिकी-कच्ची केळी, टोमॅटो, द्राक्षं, लिंबू आणि ऑलिव्ह तेल. धान्य नाही, डाळ नाही, दूध तर नाहीच. उपचार करणारा डॉक्टर सत्तावीस वर्षांचा होता. त्यानं परोपरीनं सांगितलं, दूध घ्या, धान्य सुरू करा. रोग्यानं ऐकलं नाही. प्रकरण गोपाळ कृष्ण गोखल्यांपर्यंत गेलं. डॉक्टर सांगेल ते खा, असा त्यांनीही आग्रह धरला. गांधींनी चोवीस तासांची मुदत मागितली, रात्रभर विचार केला आणि बाकी थोडीफार तडजोड करू, पण दूध घेणार नाही, असं कळवलं. गांधींनी आत्मकथेत हा प्रसंग लिहिला आहे, आणि डॉक्टरचं नावही: जीवराज मेहता.

हेच जीवराजभाई १ मे १९६० रोजी गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. मधल्या शेहेचाळीस वर्षांतली त्यांची महत्त्वाची कामगिरी मराठी वाचकाच्या अगदी ओळखीच्या जागी घडली. ती जागा म्हणजे परळचं केईएम रुग्णालय.

जन्म २९ ऑगस्ट १८८७चा, अमरेलीचा. अमरेली तेव्हा बडोदे संस्थानात होती. घरची परिस्थिती बेताची. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात ते दुसऱ्यांच्या मदतीवर शिकले, बक्षिसांची लयलूट केली आणि टाटांच्या शिष्यवृत्तीवर लंडनला गेले. तिथे एमडीला सुवर्णपदक मिळवलं आणि १९१५मध्ये रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचं सदस्यत्वही.

एवढ्या गुणवत्तेच्या हिंदी डॉक्टरला त्या काळी मायदेशी काय मिळायचं? सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या वरच्या जागा इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या असत आणि ते अधिकारी बहुतेक इंग्रज. या कोंडीतून वाट काढली ती एका देणगीनं. शेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या संपत्तीतून वैद्यकीय महाविद्यालय काढायचं ठरलं तेव्हा त्यांच्या विश्वस्तांनी अट घातली, की इथले अध्यापक हिंदीच असतील आणि तेही सरकारी सेवेबाहेरचे. महाविद्यालयाला जोडून महापालिकेचं केईएम उभं राहिलं आणि १९२६मध्ये दोन्ही संस्था सुरू झाल्या. पहिले डीन होते जीवराज मेहता.

१९४२पर्यंत ते तिथे राहिले. त्या काळाचं मोल केवळ इमारतींवरून किंवा खाटांच्या संख्येवरून कळणार नाही. हिंदी माणसांना वैद्यकीय महाविद्यालय स्वतःच्या बळावर चालवता येईल का, ही तेव्हा अगदी उघड बोलली जाणारी शंका होती. तिला उत्तर द्यायचं तर अध्यापक निवडण्यापासून परीक्षांच्या निकालांपर्यंत सगळंच चोख लागणार होतं. शिवाय पालिकेचं रुग्णालय म्हणजे नगरसेवक, अंदाजपत्रक, देणगीदार, गिरणगावातले रोगी आणि विद्यार्थी या सगळ्यांना एकाच वेळी सांभाळणं. जीवराजभाईंची राजकारणाची खरी शाळा हीच. दरम्यान काँग्रेसच्या कामात तुरुंगवासही घडला.

घरातही एक कर्तबगार व्यक्ती होती. पत्नी हंसाबेन या सयाजीरावांचे दिवाण मनुभाई मेहता यांच्या कन्या. नागर ब्राह्मण मुलीनं वैश्य डॉक्टरशी लग्न केलं म्हणून जातीत मोठा गदारोळ उठला होता. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातला ‘सर्व पुरुष’ असा अर्थ होऊ शकेल असा शब्दप्रयोग बदलून तिथे ‘सर्व मानव’ आणायला लावणाऱ्या त्या याच हंसाबेन. त्यांच्यावर खरं तर वेगळी लेखमाला हवी.

स्वातंत्र्यानंतर जीवराजभाई बडोद्याचे दिवाण झाले, नंतर मुंबई राज्यात मंत्री. द्वैभाषिक राज्यात यशवंतराव चव्हाणांच्या मंत्रिमंडळात अर्थखातं त्यांच्याकडे होतं. राज्याचं विभाजन ठरलं तेव्हा मुंबई शहराचं उत्पन्न महाराष्ट्राकडे जाणार आणि गुजरातच्या पदरी तूट येणार, हे ज्याच्या डोळ्यांसमोर आकड्यांसकट होतं तो माणूस पलीकडच्या बाजूचा मुख्यमंत्री व्हायचा होता. १ मेला एकाच मंत्रिमंडळातले दोन सहकारी दोन राज्यांचे मुख्यमंत्री झाले. अहमदाबादेत गुजरातच्या स्थापनेचा समारंभ रविशंकर महाराजांच्या हस्ते झाला.

त्यांच्या हाती आलेल्या राज्याला स्वतःची राजधानीही नव्हती. कारभार अहमदाबादेतून सुरू झाला आणि गांधीनगर कागदावर होतं. पुढच्या तीन वर्षांतल्या कामांवर नजर टाकली की संस्था बांधणारा डीन दिसतो: राज्याचं वीज मंडळ, १९६१चा पंचायत कायदा, १९६२मध्ये औद्योगिक विकास महामंडळ. अंकलेश्वरला तेल लागलं होतं आणि कोयली इथल्या शुद्धीकरण कारखान्याची तयारी चालू होती. गुजरातच्या उद्योगांची चर्चा आज नंतरच्या पुढाऱ्यांच्या नावानं होते. पहिल्या तीन वर्षांचं श्रेय त्यात हरवतं, आणि हा जीवराजभाईंवर अन्याय आहे.

मग ते टिकले का नाहीत? मागच्या भागातल्या बिधानचंद्र रॉय यांच्याशी तुलना केली की कारण कळतं. रॉय बंगालचे मुख्यमंत्री असताना पक्षसंघटना अतुल्य घोष सांभाळत, त्यामुळे डॉक्टरांना सचिवालयात मोकळा हात मिळे. ते चौदा वर्षांहून अधिक काळ, अगदी मृत्यूपर्यंत, त्या पदावर राहिले. गुजरातेत संघटनेवर मोरारजी देसाईंच्या गोटाची पकड होती आणि जीवराजभाईंचा स्वतःचा असा गट नव्हता. त्यांनी तो बांधलाही नाही. १९६२च्या निवडणुकीत काँग्रेसनं विधानसभेत स्पष्ट बहुमत मिळवलं, पण त्यानं घरातली भांडणं थांबली नाहीत. पक्षातल्या विरोधकांनी जोर धरला आणि सप्टेंबर १९६३मध्ये त्यांनी राजीनामा दिला. जागी बलवंतराय मेहता आले.

दिल्लीनं त्यांना लंडनला उच्चायुक्त म्हणून पाठवलं. शिष्यवृत्तीवर जिथे शिकले त्याच शहरात ते १९६६पर्यंत भारताचे प्रतिनिधी होते. १९७१मध्ये, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, अमरेलीनं त्यांना लोकसभेत निवडून दिलं आणि सहा वर्षं ते खासदार राहिले. नोव्हेंबर १९७८मध्ये त्यांचं निधन झालं.

पुढच्या आठवड्यात नागपूरचे डॉ. ना. भा. खरे: मध्य प्रांत-वऱ्हाडचे मुख्यमंत्री आणि १९३८मध्ये काँग्रेसश्रेष्ठींशी झालेला त्यांचा संघर्ष.