घोंगडं, ओवी आणि जत्रा: नीरेकाठची एक वाट

दिवाळी सरली की फलटण-बारामतीकडचे मेंढपाळ घोड्यांवर बिऱ्हाड लादून निघतात. त्यांतले काही कळप भोरवरून वरंध घाटाने कोकणात उतरतात. वाटेतल्या रिकाम्या भातखाचरांत शेतकरी मेंढ्या बसवून घेतो. लेंडीखताच्या बदल्यात धान्य देतो. पावसाच्या तोंडावर कळप माघारी फिरतात. याउलट भोरच्या हिरडस मावळात आणि वेल्ह्याच्या, म्हणजे आताच्या राजगड तालुक्याच्या डोंगरांत कायमचे वस्तीला असतात ते म्हशी राखणारे गवळी धनगर. त्यांच्याकडे मेंढ्या नाहीत. पण आषाढातल्या धारेत गुरांमागे जायचं तर डोक्यावर घोंगड्याची खोळ हवीच.

ही खोळ येते दख्खनी मेंढीच्या अंगावरून. वर्षातून दोनदा मेंढ्या कातरतात. लोकर पिंजून तिचं सूत काततात आणि खुटेकर धनगर किंवा सनगर विणकर ते खड्डामागावर विणतात. त्याआधी उभ्या ताण्याला चिंचोक्याची खळ लावायची. चिंचोके भाजायचे, साल काढून भिजवायचे, वाटून शिजवायचे आणि ती चिकट खळ धाग्याधाग्यात मुरवायची, म्हणजे भरड लोकर मागावर तुटत नाही. रंगवण्याची भानगड नाही. मेंढी काळी तर घोंगडं काळं. कोकराच्या पहिल्या लोकरीचं, जावळाचं घोंगडं सगळ्यांत मऊ, म्हणून मानाचं.

हेच घोंगडं रात्री बैठकीला अंथरलं जातं आणि धनगरी ओवी सुरू होते. म्होरक्या गातो, बाकीचे झील धरतात. मग गायलेली कथा गद्यात सांगायची आणि पुन्हा गाण्यावर यायचं. जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी मेंढपाळांबरोबर फिरून अशा ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा या मेंढपाळांच्या देवांवरचा त्यांचा जर्मन ग्रंथ 1976 साली आला.

या कथांतले देवही चालतात. कमाजी धनगर सोनारीच्या भैरवाचा भक्त. म्हातारपणी वारी होईना, तेव्हा देवच त्याच्या मागोमाग पुरंदरातल्या वीरला आला आणि तिथे म्हस्कोबा झाला, अशी श्रद्धा. भोरच्या डोंगरांत उगम पावणारी नीराच पुढे वीरच्या शिवारात जाते. माघी पौर्णिमेला तिथे म्हस्कोबा-जोगूबाईचं लग्न लागतं. यात्रेत भाकणूक होते: कोणत्या नक्षत्राला पाऊस कुठे पडेल, याची. चाऱ्यामागे फिरणाऱ्याला याहून जवळचा प्रश्न कोणता? कोल्हापूरकडच्या पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडारा-खोबऱ्याबरोबर लोकरही उधळतात. अंगावर पांघरायची वस्तू तिथे देवाचा प्रसाद होते.

आता गिरणीची ब्लँकेटं आणि प्लॅस्टिकचे कागद स्वस्त झालेत. लोकरीला येणाऱ्या भावात कित्येकदा कातरणीची मजुरीही सुटत नाही. कळप मटणासाठीच पाळायचे, तर लोकरीच्या प्रतीकडे कोण बघणार? शहरात घोंगडं शोभेची वस्तू म्हणून विकलं जातंय, ओवी स्पर्धेच्या मंचावर गायली जातेय. यात वाईट काही नाही. विणकराला चार पैसे मिळतात, गाणाऱ्याला टाळ्या. पण घोंगडं, ओवी आणि जत्रा या तिन्हींना एकत्र बांधणारी गोष्ट म्हणजे कळपाची वाट. ती गायरानांवरच्या कुंपणांनी आणि रस्त्यावरच्या वाहनांनी अडते आहे. जतन करायचं तर आधी मेंढ्यांना चरायला जागा आणि चालायला रस्ता मोकळा ठेवावा लागेल.