बोल्टनची थंडी, एस्पोची ऊब

त्या हिवाळ्यात आई ताईकडे बोल्टनला होती आणि मी इकडे एस्पोत. बोल्टन म्हणजे इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या शेजारचं गाव आणि एस्पो म्हणजे फिनलंडमधलं, हेलसिंकीला अगदी चिकटलेलं शहर. रोज संध्याकाळी आमचा व्हिडिओ कॉल असायचा. डिसेंबरातल्या एका रविवारी आई पडद्यावर आली ती कानटोपी घालून. अंगात दोन स्वेटर, वर शाल. मध्येच खोकत होती.

"कुठं बाहेर निघालीस का?" मी विचारलं.

"नाही गं, घरातच बसलेय."

माझं डोकंच फिरलं. लगेच ताईला फोन लावला आणि बोलू नये ते बोलले. आईला असं कुडकुडत ठेवायचं होतं तर साताऱ्याहून बोलावलंस कशाला, इथपर्यंत गेले. ताईने ऐकून घेतलं आणि "आईला घेऊन जा तू" एवढंच म्हणून फोन ठेवला. पुढचे पंधरा दिवस आमचं बोलणं आईच्या मार्फत.

साताऱ्यातले नातेवाईक मला दरवर्षी विचारतात, "फिनलंडला गोठून जात नाही का तुम्ही?" मी दरवर्षी तेच सांगते. बाहेर उणे पंधरा असलं तरी आमच्या घरात एकवीस अंश असतात. खिडक्यांना तिहेरी काचा, दारं जाड. पायमोजे काढून फरशीवर चालता येतं. हे सांगताना माझ्या आवाजात जरा तोरा असायचा, हे आता कबूल करते.

आईचे दोन्ही व्हिसे आम्ही भारतातूनच काढून आणले होते, ब्रिटनचा वेगळा आणि शेंगेनचा वेगळा. माझा पासपोर्ट अजून भारतीय आहे. त्यामुळे फिनलंडचं निवासपत्र खिशात असूनही बहिणीकडे जायला मलाही ब्रिटनचा व्हिसा लागतो. तो हातात पडेपर्यंत २०२३ ची संक्रांत आली. संक्रांतीच्याच दिवशी मी बोल्टनला पोचले. ताईने दार उघडलं, हातावर तिळगूळ ठेवला. "गोड बोला" मात्र दोघींपैकी कुणीच म्हणालं नाही.

ताईचं घर लाल विटांचं, शंभरेक वर्षांपूर्वीचं, ओळीतलं एक. समोरचं दार थेट रस्त्यावर उघडतं आणि त्याच्याखाली बोटभर फट. मागच्या खोलीच्या कोपऱ्यात ओल येऊन काळी बुरशी धरलेली. बाहेर चार-पाच अंश होते, आमच्या हिशोबाने वसंत ऋतूच. पण घरातल्या भिंतीवरचा काटा पंधरावर. तिथलं आरोग्य खातं वयस्कर माणसांच्या घरात निदान अठरा अंश ठेवा म्हणून सांगतं. उणे पंधरात न वाजलेली थंडी मला तिथे रात्री पलंगावर वाजली. हवा दमट असते आणि ती हाडात शिरते.

मी चार दिवस राहून आईला घेऊन निघणार होते. गुरुवारी पहाटे बर्फ पडायला लागला. इंच-दोन इंच असेल. विमानतळाची धावपट्टी बंद झाली, आमचं उड्डाण रद्द झालं आणि नवीन तिकीट मिळालं ते शनिवारचं.

फिनलंडहून आलेल्या माणसाला यावर हसू येतं. आमच्याकडे पहाटे बर्फ ओढणारा ट्रॅक्टर खडखडत येतो आणि आपण उठायच्या आत रस्ता मोकळा असतो. गाड्यांना हिवाळी टायर कायद्यानेच लागतात, फुटपाथवर बारीक खडी टाकतात. पण इंग्लंडला हसणंही बरोबर नाही. त्यांच्याकडे असा बर्फ वर्षातून चार-आठ दिवस पडतो. तेवढ्यासाठी प्रत्येक घराने टायरचा दुसरा जोड आणि प्रत्येक नगरपालिकेने ट्रॅक्टरची फौज पाळायची, हे कुणाला परवडणार?

ते दोन दिवस अडकले म्हणून मला बॉयलरचं कोडं उलगडलं. दाजी रात्रपाळीला जायचे. ताई सकाळी साडेसहाला बॉयलर लावायची, साडेसातला बंद. परत संध्याकाळी पाच ते आठ. मध्ये ओट्यावर एक छोटा पडदा असतो, त्यावर आज किती पौंडांचा गॅस जळला ते दिसतं. ताई येता-जाता त्याकडे बघायची, जसं आपण दूध तापवताना पातेल्याकडे बघतो तसं.

शुक्रवारी आई झोपल्यावर तिने बिलांची फाईल माझ्यासमोर ठेवली. २०२२ च्या एप्रिलमध्ये ब्रिटनमधली गॅस-विजेची दरमर्यादा एका फटक्यात ५४ टक्क्यांनी वाढली होती, ऑक्टोबरात आणखी. सरकारने आवरूनही सर्वसाधारण घराचं वर्षाचं बिल अडीच हजार पौंडांच्या घरात. दाजींच्या कामाचे तास कमी झालेले. हे तिने आम्हा कुणालाच सांगितलं नव्हतं.

"आई आल्यापासून तासभर जास्तच लावते मी," ताई म्हणाली. "तू किती बिल भरतेस?"

आणि मला उत्तर देता येईना. मी हीटिंगचं बिल कधी भरलेलंच नाही. आमच्याकडे गरम पाणी शहराच्या केंद्रातून जमिनीखालच्या नळांनी सगळ्या इमारतींना येतं आणि त्याचे पैसे घरभाड्यातच धरलेले असतात. त्या वर्षी फिनलंडमध्येही वीज महागली होती. घराचं तापमान एक अंशाने कमी करा, सॉना कमी वेळा तापवा, अशी सरकारी मोहीमच चालू होती. पण मला फक्त दिव्यांचं बिल वाढलेलं दिसलं. ज्या उबेचा मी तोरा मिरवत होते, तिच्यासाठी मी एक बटणसुद्धा फिरवलं नव्हतं.

मी "सॉरी ताई" म्हणाले. ती म्हणाली, "चहा टाकू का?" आमच्या घरात माफी अशीच मिळते.

शनिवारी निघेपर्यंत आम्ही तिघींनी एक उद्योग केला. आईच्या जुन्या सुती साडीची लांब पिशवी शिवली, तिच्यात चिंध्या ठासून भरल्या आणि ती वळकटी दाराखालच्या फटीला लावली. पुढच्या खोलीच्या पडद्याला मागून एक जुनं ब्लँकेट टाचलं. काटा एका अंशाने वर गेला. आईला कोण आनंद!

एस्पोत उतरलो तर माझी फजिती. मी आईला शुभ्र बर्फाचं वर्णन करून ठेवलेलं आणि प्रत्यक्षात पाऊस. सगळीकडे नुसता करडा चिखल-बर्फ, ज्याला फिनिश लोक "लोस्का" म्हणतात. उजाडायला नऊ वाजायचे. तरी घरात शिरल्यावर आईने स्वेटर काढला, मग शाल काढली आणि तासाभराने साध्या सुती साडीत सोफ्यावर बसली. तिचा खोकला आठवड्याभरात गेला. इमारतीच्या सॉनात आमची आठवड्यातून एक ठरलेली वेळ असते. तिथे तापलेल्या दगडांवर पाणी ओतल्यावर वाफेचा लोट आला, तशी आई म्हणाली, "आपल्या न्हाणीघरातल्या बंबाची धग आठवली गं." अंधारात चालताना गाडीवाल्याला दिसावा म्हणून इथे कोटाला चमकणारा बिल्ला लावतात. आईने तो शालीला लावला आणि घरातही काढेना.

मला वाटलं, आई रमली.

तीन आठवड्यांनी तिने विचारलं, "इथं शेजारी माणसं राहतात ना?" राहतात, पण जिन्यात भेटली तर मान हलवतात आणि जातात. वाईट नाहीत, अबोल आहेत. बोल्टनला आईच्या गल्लीत गुजराती बायका होत्या. त्यांच्याबरोबर ती देवळात जायची, मेथीची जुडी घेऊन यायची, तिच्या हिंदीवर त्यांचं आणि त्यांच्या गुजरातीवर तिचं निभायचं. पलीकडची गोरी म्हातारी रोज दारातून "ऑल राइट, लव्ह?" विचारायची, आईला त्याचं उत्तर देता येत होतं. इथे दिवसभर आम्ही ऑफिसात आणि ती खिडकीत.

"मला ताईकडे सोड," मार्चच्या पहिल्या आठवड्यात तिने सांगितलं. एकदाचा खरा हिवाळा आला होता, बाहेर उणे पंधरा आणि लख्ख ऊन.

"अगं, तिथं परत थंडीत?"

"मी असले की ती बॉयलर लावते," आई म्हणाली. "मी नसले की दोन स्वेटर घालून एकटी बसत असेल. मला माहिती आहे ती."

यावर काय बोलणार? ब्रिटनचा व्हिसा पुन्हा प्रवेश देणारा होता, सहा महिने संपायला अवकाश होता. आईच्या बॅगेत मी ताई-दाजींसाठी लोकरीचे जाड मोजे भरले, दोन बिल्ले टाकले. खिडक्यांच्या फटींना चिकटवायची रबराची पट्टी इथे दुकानात सहज मिळते, तिची पाच भेंडोळीही घातली. बिलाचे थोडे पैसे पाठवते म्हटल्यावर ताईने दोन दिवस आढेवेढे घेतले, मग "आईच्या औषधाचे म्हणून" घेतले.

यावेळी आई एकटीच गेली, व्हीलचेअरची सोय घेऊन. विमान चारला सुटलं. तीन तासांचा प्रवास, पण घड्याळ दोन तास मागे जातं, म्हणून उतरली ती तिथल्या पाचला. साडेसहाला तिचा फोन.

"एका तासात पोचले बघ," आई म्हणाली. मागून ताईचा आवाज येत होता आणि पातेलं ठेवल्याचा. मग आईने आवाज बारीक केला. "आणि ऐक, बॉयलर चालू आहे."