बंदूक, हिंसा आणि दहशतवादाची व्याख्या : महाराष्ट्रातील काही घटनांच्या संदर्भात

प्रस्तावना

बंदुकीने झालेली प्रत्येक हत्या समाजात भीती निर्माण करते. तथापि प्रत्येक हत्येस दहशतवाद म्हटले जात नाही. पुण्यातील येरवडा कारागृहाच्या इतिहासात हा भेद ठळकपणे दिसून येतो. मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात एके-४७ घेऊन सहभागी झालेल्या अजमल कसाब यास २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येथे फाशी देण्यात आली. पुढे मे २०१३ मध्ये, एके-५६ बेकायदा बाळगल्याबद्दल दोषी ठरलेला अभिनेता संजय दत्त शिक्षा भोगण्यासाठी याच कारागृहात आला. दोन्ही शस्त्रे एकाच जातीची होती; परंतु टाडा न्यायालयाने २००६ मध्ये दत्त यास दहशतवादाच्या आरोपातून मुक्त करून शस्त्र कायद्याखाली दोषी धरले होते. हा भेद कोणत्या निकषावर ठरतो आणि तो निकष सर्वत्र सारखा लावला जातो काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कायद्यातील व्याख्या

बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा, म्हणजेच ‘यूएपीए’, १९६७ चा असला तरी त्यात दहशतवादी कृत्याचा समावेश २००४ मध्ये झाला. मुंबई हल्ल्यानंतर २००८ मध्ये या व्याख्येची व्याप्ती वाढविण्यात आली. कलम १५ नुसार केवळ शस्त्राचा वापर पुरेसा नाही. देशाची एकता, सुरक्षितता वा सार्वभौमत्व धोक्यात आणण्याचा, अथवा जनतेत किंवा जनतेच्या एखाद्या घटकात दहशत पसरविण्याचा हेतू किंवा तसा संभव असावा लागतो. ‘संभव’ या शब्दामुळे व्याख्या लवचीक होते आणि तपास यंत्रणेस मोठा वाव मिळतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ११३ मध्येही दहशतवादी कृत्य हा स्वतंत्र गुन्हा मानला गेला आहे.

या वर्गीकरणाचे परिणाम गंभीर आहेत. यूएपीए लागू झाल्यास तपासाचा काळ १८० दिवसांपर्यंत वाढू शकतो आणि आरोप प्रथमदर्शनी खरा वाटल्यास न्यायालय जामीन देऊ शकत नाही. म्हणूनच ‘हितेंद्र विष्णू ठाकूर विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये असा इशारा दिला होता की, प्रत्येक गुन्हेगार दहशतवादी नसतो आणि सामान्य गुन्ह्यास टाडा लावता येणार नाही.

तीन घटना, तीन वर्गीकरणे

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यातील ओंकारेश्वर मंदिराजवळील पुलावर गोळ्या झाडून हत्या झाली. एका विचारास गप्प करण्याचा हा प्रयत्न असल्याची भावना सर्वत्र व्यक्त झाली. खटल्यात यूएपीएचे कलमही लावण्यात आले. १० मे २०२४ रोजी विशेष न्यायालयाने दोघांना हत्येबद्दल जन्मठेप सुनावली. यूएपीएखालील आरोपातून मात्र सर्वांची मुक्तता झाली.

कर्वेनगरपासून जवळच असलेल्या कोथरूडमधील सुतारदरा येथे ५ जानेवारी २०२४ रोजी गुंड शरद मोहोळ याची भरदिवसा गोळ्या झाडून हत्या झाली. टोळीयुद्धाच्या या प्रकरणात संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, म्हणजेच ‘मकोका’, लावण्यात आला.

तिसरी घटना ३१ जुलै २०२३ ची. जयपूरहून मुंबईकडे येणाऱ्या रेल्वेगाडीत रेल्वे सुरक्षा दलाच्या एका जवानाने सरकारी बंदुकीने आपला वरिष्ठ व तीन प्रवासी यांना ठार केल्याचा आरोप आहे. वेगवेगळ्या डब्यांत मारले गेलेले तिन्ही प्रवासी मुस्लिम होते. दोषारोपपत्रात हत्या आणि धर्माच्या आधारे वैरभाव वाढविणे ही कलमे आहेत, यूएपीए नाही. ‘जनतेचा एखादा घटक’ हे कायद्यातील शब्द लक्षात घेता, येथे हेतूची तपासणी त्या दृष्टीने झाली काय, असा प्रश्न निर्माण होतो. वर्गीकरण बदलावे असे यावरून सिद्ध होत नाही. परंतु निकषाची सुसंगती तपासणे आवश्यक ठरते.

शस्त्राची उपलब्धता : एक स्वतंत्र प्रश्न

शस्त्र कायदा, १९५९ नुसार परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीस जास्तीत जास्त दोनच शस्त्रे ठेवता येतात. मात्र मोहोळ प्रकरणात पिस्तुले बेकायदा होती, तर रेल्वेतील बंदूक शासनानेच दिलेली होती. परवान्याचे नियम कितीही कडक केले तरी हे दोन्ही मार्ग बंद होत नाहीत. पहिल्यासाठी गावठी शस्त्रांच्या पुरवठ्यावर, तर दुसऱ्यासाठी सशस्त्र कर्मचाऱ्यांच्या मानसिक स्वास्थ्यावर व देखरेखीवर लक्ष द्यावे लागेल.

न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथे १५ मार्च २०१९ रोजी दोन मशिदींत ५१ जणांची हत्या झाली. तेथील संसदेने महिन्याभरातच बहुतेक अर्धस्वयंचलित बंदुकांवर बंदी घातली. हल्लेखोर दहशतवादाबद्दल दोषी ठरला तो २०२० मध्ये. शस्त्रनियंत्रणासाठी वर्गीकरणाची वाट पाहण्यात आली नाही, ही बाब उद्बोधक आहे.

समारोप

दहशतवादाची व्याख्या शस्त्रावर, मृतांच्या संख्येवर किंवा आरोपीच्या ओळखीवर नव्हे, तर पुराव्याने सिद्ध होणाऱ्या हेतूवर आधारलेली असावी. ती सैल झाल्यास सामान्य आरोपी वर्षानुवर्षे कारागृहात राहतो. ती निवडक झाल्यास बळी पडलेल्या समूहाची भीती कायद्याच्या नोंदीतच येत नाही. बंदूक त्या हातात कशी पोहोचली, हा प्रश्न मात्र प्रत्येक घटनेत, तिला कोणतेही नाव दिले तरी, विचारला गेला पाहिजे.