विलायचीचं तेल आणि तान्हं बाळ

"काकू, नैसर्गिक आहे, विलायचीचं! बाळाच्या नाकाखाली लावलं की सर्दी मोकळी होते म्हणे." बचत गटाच्या बैठकीत एका नव्या सुनेने बाजारातून आणलेली बाटली दाखवली आणि माझ्या काळजात धस्स झालं.

मैत्रिणींनो, विलायचीच्या तेलात सिनिओल नावाचं द्रव्य भरपूर असतं. निलगिरीच्या तेलातही तेच. मोठ्यांचं चोंदलेलं नाक त्याने मोकळं वाटतं, पण तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ लावलं तर श्वास अडखळू शकतो. अरोमाथेरपीत थकवा घालवायला या तेलाचा मसाज करतात, तोही चमचाभर तिळाच्या तेलात एखादा थेंब टाकून. नुसतं तेल अंगाला लावायचं नाही, पोटात तर मुळीच नाही. त्याने आजार बरे होतात, असं मी तरी म्हणणार नाही.

आपल्या बुलडाण्याकडे विलायची येते ती केरळातल्या इडुक्कीसारख्या डोंगराळ भागातून. दाण्यांतून वाफेवर तेल काढतात. शंभर किलो दाण्यांतून जेमतेम तीन ते आठ किलो. मग वीस रुपयांत बाटलीभर खरं तेल कुठून येणार? तो बहुधा इसेन्सच! हा वास उडतोही लवकर, म्हणून अत्तरात त्याला चंदनाच्या तेलाची जोड देतात. आपणही श्रीखंडासाठी दाणे आयत्या वेळीच कुटतो ना? टरफलं मात्र चहात टाकावीत.

बाळाला आम्ही त्याच संध्याकाळी डॉक्टरांकडे नेलं. बाटली माझ्या कपाटात आहे, वरच्या फळीवर.