टेबलाएवढा हिवाळा

चाळीसगाव जंक्शनवर धुळ्याच्या गाडीसाठी थांबलेल्या माणसाला स्टेशनाजवळच्या ‘रेम्ब्राँट्स रिट्रीट’ची एकच गोष्ट ऐकायला मिळते. प्रेयसीची वाट पाहणारा पारशी कलावंत, पंजाब मेलच्या वेळेला उघडणारं दार आणि जवळपास पन्नास वर्षं क्वचितच ओलांडलेला उंबरठा. गोष्ट हळवी आहे खरी, पण तिच्यापायी त्या माणसाचं काम झाकोळून गेलं.

केकी मूस (१९१२–१९८९) जन्माने मुंबईचे. शिक्षण इंग्लंडात, शेफिल्डला. चित्र, शिल्प, छायाचित्रण सगळ्यांतच हात. घराला नाव मात्र दिलं ते रेम्ब्राँटचं, आणि ते शोभतंही. लूव्रमधलं त्याचं १६३२चं ‘ध्यानमग्न तत्त्वज्ञ’ हे चित्र जेमतेम वहीच्या उघड्या पानांएवढं. डावीकडे खिडकीचा उजेड, उजव्या कोपऱ्यात चुलीचा जाळ, मधे वर चढत अंधारात हरवणारा गोल जिना. रंग म्हणाल तर पिवळी माती, तपकिरी, काळा, पांढरा. निळ्या-हिरव्याची उणीव कुणाला जाणवत नाही, कारण खोली भरलीय ती उजेडाच्या चढउतारानं.

मूस यांनी हा खेळ टेबलावर मांडला. खानदेशात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. तिथं बंद खोलीत त्यांनी ‘अ मर्सिलेस विंटर’ हे बर्फाचं दृश्य उभं केलं! टेबलटॉप छायाचित्रणातली खरी मेख सावलीत असते. दिवा वस्तूंच्या जवळ ठेवला की सावल्या पंख्यासारख्या फाकतात आणि देखावा खेळण्यातला असल्याचं लगेच उघडं पडतं. उन्हाच्या सावल्या समांतर पडतात. म्हणून दिवा लांब न्यायचा, मग उजेड कमी पडतो. त्यातच पुढचं-मागचं सगळं रेखीव दिसावं म्हणून भिंगाचं तोंड बारीक करावं लागतं, म्हणजे उजेड आणखी घटला. उपाय एकच, शटर बराच वेळ उघडं ठेवायचं आणि तोवर टेबलाला धक्का लागू द्यायचा नाही. घाईच्या माणसाचं हे काम नव्हे. गर्दी टाळून घरात बसलेल्याला ते मानवलं असणार.

आणि निगेटिव्ह म्हणजे निम्मंच काम. डार्करूममध्ये एन्लार्जरच्या उजेडाखाली कागदाचा जो भाग हातानं झाकावा तो फिका उतरतो, ज्याला जास्त वेळ उजेड द्यावा तो काळवंडतो. हात सतत हलता ठेवायचा, नाहीतर त्याची कड कागदावर उमटते.