भूकंप झाला की डोंगर का घसरतो?

जुनी माणसे सांगतात की पृथ्वी शेषनागाच्या डोक्यावर आहे आणि त्याने डोके हलवले की भूकंप होतो. गोष्ट ऐकायला छान आहे. पण शास्त्रज्ञांनी यंत्रे लावून पाहिले तेव्हा खरे कारण कळले. वाळलेली काडी दोन्ही हातांनी वाकवा. आधी ती नुसती वाकते, मग एकदम कट्‌कन मोडते आणि हाताला झिणझिण्या येतात. जमिनीच्या पोटातल्या खडकाचे असेच होते. त्याच्यावर वर्षानुवर्षे दाब पडतो. मग तो एके दिवशी सरकतो आणि सगळी जमीन हादरते. त्यालाच भूकंप म्हणतात.

भूकंप मोजायच्या यंत्राला भूकंपमापक म्हणतात. भूकंपाच्या दोन लाटा असतात. पहिली ढकलत ढकलत पळत येते. दुसरी सावकाश येते, पण जोरात हलवते. दोन्ही लाटांमध्ये १० सेकंद गेले तर भूकंप सुमारे ८० किलोमीटर लांब झाला असे समजतात. तीन गावांच्या यंत्रांवरून नकाशावर तीन वर्तुळे काढतात. ती जिथे मिळतात तिथे भूकंप झाला.

आता डोंगराचे पाहू. मित्रांनो, एक प्रयोग करा. ताटात कोरड्या वाळूचा उंच ढीग करा आणि ताटाला बाजूने टिचकी मारा. ढिगाची जी बाजू जास्त उभी आहे ती आधी घसरते. सपाट पसरलेल्या वाळूला काहीच होत नाही. डोंगराचेही तसेच आहे. उभ्या उतारावर सुटे दगड आणि माती कशीबशी टिकून असतात. हादरा बसला की त्यांची पकड सुटते आणि दरड खाली येते.

आपल्या महाराष्ट्रात ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगरला मोठा भूकंप झाला. तो ६.३ रिश्टरचा होता. दीडशेपेक्षा जास्त माणसे मेली. जमिनीला लांब भेगा पडल्या, डोंगरावरचे दगड घसरले. तिथे धरण आहे. धरणात पाणी साठायला लागल्यावर तिथे लहान लहान धक्के बसायला लागले होते. पाण्याचे वजन आणि फटींतून खोल मुरणारे पाणी यामुळे खडक सरकतो, असे शास्त्रज्ञ म्हणतात. ते नीट समजावे म्हणून त्यांनी कोयनेच्या भागात गोठणे गावाजवळ ३ किलोमीटर खोल भोक पाडले. त्या अभ्यासासाठी कराडला प्रयोगशाळा आहे. आपल्या विहिरी त्याच्यापुढे काहीच नाहीत!

नेपाळमध्ये २५ एप्रिल २०१५ ला याहून लई मोठा, ७.८ चा भूकंप झाला. तिथे उंच हिमालय आहे. बर्फ आणि दगड धाडकन खाली आले आणि लांगटांग नावाचे गाव गाडले गेले. भूकंप थांबला तरी धोका संपत नाही. उतारावर भेगा राहतात, पावसाळ्यात त्यांत पाणी शिरते आणि दरड मागाहून कोसळते. म्हणून शास्त्रज्ञ विमानातून आणि उपग्रहातून आधीचे व नंतरचे फोटो काढून बघतात आणि कुठला उतार धोक्याचा आहे ते नकाशावर लिहितात.

पण दरडीला भूकंपच लागतो असे नाही. पुणे जिल्ह्यातल्या माळीण गावावर ३० जुलै २०१४ ला नुसत्या पावसाने डोंगर आला.

तुम्ही म्हणाल, आपल्या जांब समर्थला सह्याद्रीसारखे कडे नाहीत, मग आपल्याला काय भीती? पण किल्लारीलाही कडे नव्हते. तिथे ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक दमून झोपले होते. गोल दगड आणि माती यांच्या जाड भिंती होत्या, वर मातीचे जड माळवद. ते अंगावर पडून हजारो माणसे मेली. तिथे घराची भिंतच दरड झाली. हिंगोली जिल्ह्यातही १० जुलै २०२४ ला ४.५ चा धक्का बसला, म्हणजे मराठवाड्यात भूकंप होतच नाही असे नाही.

म्हणून घरी जाऊन एवढे करा. ज्या भिंतीला फुगवटा आला आहे किंवा भेग पडली आहे ती आई-बाबांना दाखवा. त्या भिंतीशी अंथरूण टाकू नका. झोपायच्या जागेवर फळीवर जड डबे, पाटा-वरवंटा ठेवू नका. दारात पोती रचू नका. धक्का बसला आणि शाळेत असलो तर बाकाखाली किंवा टेबलाखाली जाऊन डोके झाका. बाहेर असलो तर भिंत, झाड आणि विजेची तार यांच्यापासून लांब उभे राहा. सहलीला डोंगरात गेलो आणि हादरा बसला तर उताराच्या खालून बाजूला पळा. नवीन घर बांधताना दगडाच्या भिंतीत मधून मधून आरपार लांब दगड घालायचे आणि दारांच्या वर चारी बाजूंनी सिमेंट-लोखंडाचा पट्टा फिरवायचा. हे घरी मोठ्या माणसांना वाचून दाखवा.