तानपुरा घ्यावा आपल्या आजच्या गळ्याचा

मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवलीकडच्या आपल्या जागा कशा असतात ते मैत्रिणींनो, तुम्हांला सांगायला नको. दिवाण, कपाट, मुलांचं टेबल ठेवलं की खोली संपली! अशा घरात बाईने "मला तानपुरा घ्यायचाय" म्हटलं की पहिला प्रश्न, "ठेवणार कुठे?" आणि लगेच दुसरा, "मोबाइलवर फुकट वाजतो की!"

मुलुंडच्या माझ्या एका मैत्रिणीने हे दोन्ही प्रश्न पुष्कळ वर्षं ऐकले. लग्नाआधी ती गाणं शिकत होती, पुढे संसारात ते मागे पडलं. मुलं मार्गाला लागल्यावर तिने स्वतःच्या साठवलेल्या पैशांतून तानपुरा घ्यायचं ठरवलं आणि सोबतीला मला घेतलं. महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून सकाळी आम्ही मिरजेला उतरलो.

मिरजेची सतारमेकर गल्ली म्हणजे तंतुवाद्यांचं माहेरच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब या कामाकडे वळले आणि तलवारीवरचा हात सतारीवर बसला. पुढे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ याच गावी राहिले. हिराबाई बडोदेकरांचा जन्मही १९०५ साली इथलाच. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

दुकानात तानपुरे ओळीने मांडलेले. पुरुषांचा मोठा, सुमारे पाच फुटी. बायकांचा चार-साडेचार फुटी. आणि तीनेक फुटांची, चपट्या लाकडी पोटाची तानपुरी. मोठ्या तानपुऱ्याचा भोपळा पंढरपूरच्या बाजूचा, खास वाद्यासाठी पिकवून वाळवलेला. त्यावर तुणीच्या लाकडाची तबली आणि दांडी. आता भोपळा काही साच्यातून निघत नाही. वेलीवर जसा वाढेल तसा. म्हणून एकाच हाताने केलेले दोन तानपुरे शेजारी ठेवले तरी बोलतात वेगवेगळे. एकाचा खर्ज भरदार, तर दुसऱ्याचा पंचम मोकळा.

मैत्रिणीला तानपुरीने आधी मोह घातला. लोकलमध्ये नेता येते, ठेवायला जागा कमी लागते. लहान वाद्याला कमी लेखण्याचं कारणच नाही. मदेइरा बेटावरून १८७९ साली हवाई बेटांवर गेलेल्या पोर्तुगीज सुतारांनी युकुलेले घडवायला सुरुवात केली. त्यातलं सोप्रानो जेमतेम पावणेदोन फुटांचं, तारा चारच. पण हाताने घडवलेल्या या इवल्या वाद्यावर जीव टाकणारी माणसं एकावर थांबत नाहीत. तानपुरीचंही तसंच, बोलते गोड. मात्र भोपळ्यातून येणारी गाज तिच्यात येत नाही. शेवटी मैत्रीण मोठ्याकडेच वळली.

कारागिराने विचारलं, "ताई, तुमचा सा कोणता?"

"काळी चार," ती सवयीने म्हणाली.

त्यांनी वाद्य जुळवलं आणि म्हणाले, "लावा सूर." तिने लावला. वर जाताना आवाज ताणला गेला. त्यांनी काही न बोलता दुसरा, थोड्या लांब दांडीचा तानपुरा काढला, काळी तीनला मिळवला. या खेपेला सूर अलगद बसला.

"काळी चार विशीतली असेल, ताई. तानपुरा आजच्या गळ्याला घ्यायचा. त्या वाद्याच्या तारा उगाच सैल केल्या तर जवारी बोलायची नाही."

तिचे डोळे भरून आले. बाहेर आल्यावर म्हणाली, "मला वाटायचं गळा गेला. गेला नव्हता गं, नुसता खाली उतरला होता!"

तेव्हा घ्यायला जाल तर स्वतः गाऊन बघा. तीन पोलादी तारा आणि चौथी पितळी खर्जाची, प्रत्येक तार एकेकटी छेडा. जवारी म्हणजे घोडीचा नेमका घासलेला माथा. त्यावर तारेखाली सुताचा दोरा सरकवला की तार गुंजू लागते. हे कारागिराकडून शिकूनच निघा. मांडीवर घेऊन बसा, हात अवघडतो का ते पाहा.

घरी आणल्यावर पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीपासून आणि खिडकीतल्या उन्हापासून दूर ठेवा. कोपऱ्यात नुसता टेकवून उभा करू नका. केर काढताना धक्का लागला की भोपळ्याला तडा गेलाच. दिवाणावर भिंतीकडेने आडवा बरा. पुसायला कोरडं मऊ फडकं. प्रवासात तारा किंचित उतरवाव्यात. गवसणी घरीच शिवा: वरून जाड खादी, आत जुन्या सुती साडीचं अस्तर, भोपळ्याच्या घेरापेक्षा चार बोटं सैल ठेवा. वाजवून वाजवून घोडीवर तारांचे चरे पडले की जवारी पुन्हा काढून घ्यावी लागते, तो खर्च धरून ठेवा.

आणि "मोबाइलवर फुकट वाजतो" याचं उत्तर? मोबाइलही सूर देतोच. पण खुंटी पिळून, मणी सरकवून स्वतः सूर जुळवायचा म्हणजे आधी कान द्यावा लागतो. मैत्रीण म्हणते, दिवसभर मी सगळ्यांचं ऐकते. पहाटेची ती दहा मिनिटं माझं मी ऐकते.

तिच्या घरी आता "ठेवणार कुठे?" असं कुणी विचारत नाही. दिवाणाची एक कड तानपुऱ्याची झाली आहे. पाहुणे आले की यजमानच सांगतात, "जरा सरकून बसा हं, तिथे तिचा तानपुरा आहे."